खाडीच्या गाळावरचं थोरियम मोजताना

खाडीचं एक लिटर पाणी गाळायला किती वेळ लागतो याचं उत्तर तिथीवर अवलंबून असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक, तळाचा चिखल ढवळून वर येतो आणि २५ मिलिमीटरचा फिल्टर पेपर शंभर-दोनशे मिलीतच चोंदतो, मग पंप कितीही ओरडू दे, थेंब पडत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, असला की तोच पेपर निमूट कितीतरी जास्त पाणी सोडतो. एमएस्सीनंतर मी ज्या प्रोजेक्टवर लागले त्याचं कागदावरचं नाव भलंमोठं होतं, पण काम एवढंच की ठाणे खाडीच्या पाण्यात जे बारीक कण तरंगतात त्यांच्यावर नैसर्गिक किरणोत्सारी मूलद्रव्यं किती चिकटलीयेत ते मोजायचं, मुख्यतः थोरियम-२३४. लोकांना वाटतं की असल्या कामात मशीन महत्त्वाचं. माझं मत विचाराल तर मशीनकडे सॅम्पल जाईपर्यंत निम्मं उत्तर ठरून गेलेलं असतं.

आधी भीतीचं उरकून घेते, कारण घरी, शेजारी, सगळीकडे तेच. खाडी आणि किरणोत्सार हे दोन शब्द एकत्र आले की नवी मुंबईतल्या माणसाची नजर आपोआप पलीकडच्या ट्रॉम्बेकडे जाते. पण मी जे मोजत होते त्याचा तिथल्या अणुभट्ट्यांशी काही संबंध नाही, जगातल्या प्रत्येक समुद्रात लिटरमागे साधारण ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम विरघळलेलं असतंच, मालवणला असतं, चिलीला पण असतं. त्याची विघटनं, म्हणजे अणू फुटणं, लिटरमागे मिनिटाला जेमतेम अडीच. त्याच लिटरभर पाण्यातलं पोटॅशियम-४० मात्र सेकंदाला बाराच्या आसपास विघटनं करतं, म्हणजे युरेनियमच्या जवळजवळ तीनशे पट, आणि त्या पाण्यात आपण पिढ्यानपिढ्या डुंबतोय. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग समुद्रावर जायचंच नाही का आता?" त्यानंतर मी सांगायचं सोडून दिलं.

तर मुद्दा असा. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षं, ते कार्बोनेटबरोबर जोडी जमवून समुद्राच्या पाण्यात आरामात विरघळून राहतं आणि कणांकडे ढुंकून बघत नाही. ते फुटलं की त्याचं थोरियम-२३४ होतं, अर्धायुष्य २४.१ दिवस, आणि या थोरियमला पाण्यात एकटं राहायला अजिबात आवडत नाही, समोर जो कण दिसेल, माती असो, शेवाळ असो, कोळंबीची विष्ठा असो, त्याला जाऊन चिकटतं. कण खाली बसले की थोरियमही त्यांच्याबरोबर खाली. म्हणजे पाण्यात युरेनियम किती ते माहीत असेल तर थोरियम किती असायला हवं होतं ते कळतं (काहीच निघून गेलं नाही तर दोघांची विघटनं सारखी होतात) आणि प्रत्यक्षात त्यापेक्षा जेवढं कमी सापडेल तेवढं कण घेऊन गेले. किती दिवसांत घेऊन गेले हेही निघतं, कारण २४.१ दिवसांचं घड्याळ निसर्गानेच लावून ठेवलंय. टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून असो की शहराच्या गटारातून, खाडीत जे जड धातू येतात तेही असेच गाळाला चिकटून जातात, म्हणून थोरियमचा हिशोब लागला की त्यांचाही अंदाज बांधता येतो. धातू मोजणारे बरेच जण आहेत, पण ते पाण्यातून किती वेगाने गाळात जातात हे सांगणारं घड्याळ त्यांच्याकडे नसतं.

आणि हे सगळं परदेशातून आलंय असं समजू नका. समुद्राच्या पाण्यातल्या थोरियम-२३४ आणि युरेनियम-२३८ च्या गुणोत्तरावरचा अगदी सुरुवातीचा गाजलेला पेपर १९६९ चा आहे, तो मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मंडळींचा, भट, कृष्णस्वामी, देवेंद्र लाल, राम आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेचे विलार्ड मूर. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये होते, कोपरखैरण्याला उतरायचं विसरले नाही पण घणसोली कधी गेलं ते कळलं नाही. कुलाब्यातल्या इमारतीत बसून ही पद्धत घडवणाऱ्या माणसांचं नाव आमच्या कॉलेजात कुणी घेतलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे.

सॅम्पल घ्यायला आम्ही बेलापूरच्या दिवाळे गावातून होडीने जायचो. नाखवा म्हणजे साठीचे काका, त्यांना माझ्या प्रोजेक्टपेक्षा माझ्या चपलांची काळजी जास्त, जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं म्हणून. मी पहिल्यांदा माझ्या सोयीने तारीख कळवली तर फोनवर म्हणाले, "आज उधान हाय गो ताय, सगला चिखलच भरशील." मी म्हटलं मला उधाणाचंही पाहिजे आणि भांगाचंही पाहिजे. ते म्हणाले, "मंग पंचांग घे ना, माला कशाला विचारतेस." त्यानंतर माझ्या टेबलावर भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी खरोखर कालनिर्णय लटकलं.

पाणी भरण्यात शास्त्र फार नाही पण शिस्त आहे. इंजिन बंद, होडीच्या पुढच्या टोकाकडून भरायचं म्हणजे डिझेलचा तवंग येत नाही, कार्बॉय, म्हणजे प्लॅस्टिकचा मोठा कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळायचा, आणि घड्याळात बघून वेळ लिहायची कारण नंतरचा सगळा हिशोब त्या क्षणाशी नेऊन जोडायचा असतो. शिवाय पाणी त्याच दिवशी गाळायचं. थोरियम कणाला चिकटतं तसं प्लॅस्टिकच्या भिंतीलाही चिकटतं, कार्बॉय रात्रभर ठेवला तर सकाळी तुम्ही कमी थोरियमचं पाणी गाळत बसता. त्यामुळे दुपारी तीनला जेट्टीवर उतरलो तरी रात्री लॅबमध्ये फनेल, पंप आणि मी.

आता फिल्टर. आम्ही वापरायचो तो क्वार्ट्झ फायबरचा, एक मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवणारा. फोर्सेपने धरून जाळीवर ठेवायचा, दोन थेंब पाणी टाकून बसवायचा, मग हळूहळू पाणी. पहिल्या पन्नास मिलीला पाणी खाली सर्रकन जातं आणि पेपर फिकट तपकिरी होतो. शंभरला रंग गडद, थेंब पडायला लागतात एक-एक. पुढे वरचा थर चकाकायला लागतो, चिकणमातीचा तो साईसारखा पडदा एकदा बसला की संपलं. आणि इथेच गंमत आहे, कारण तो थर स्वतःच फिल्टर बनतो. सुरुवातीला एक मायक्रॉनपेक्षा बारीक जे काही खाली निसटत होतं ते आता मातीतच अडकायला लागतं. म्हणजे पहिल्या पन्नास मिलीला 'कण' म्हणजे वेगळं आणि शेवटच्या पन्नास मिलीला 'कण' म्हणजे वेगळं, पेपर तोच, लेबल तेच. टेबलात मात्र 'पार्टिक्युलेट' असा एकच कॉलम.

आमच्या मॅडमनी यावर एक जुनी युक्ती सांगितली, फिल्टर एकाखाली एक दोन लावायचे. वरचा गाळ धरतो, खालच्यावर दिसायला काहीच नाही, पांढराशुभ्र. तो वाळवून काउंटरमध्ये, म्हणजे विघटनं मोजणाऱ्या मशीनमध्ये टाकला तर काउंट येतात! ते थोरियम कणांवरचं नाही, विरघळलेलंच, जाता जाता क्वार्ट्झच्या धाग्यांना धरून राहिलेलं. वरच्या फिल्टरनेही तेवढंच धरलं असणार, म्हणून वरच्यातून खालचं वजा. पाणी कमी गाळलं की ही वजाबाकी जास्त बोचते, आणि उधाणाला पाणी कमीच गाळलं जातं, म्हणजे ज्या दिवशी गाळ जास्त त्याच दिवशी शंका जास्त. खालचा फिल्टर न लावता आलेले आकडे बघितले की मला आता बेचैन व्हायला होतं.

गाळलेल्या पाण्यातल्या थोरियमचं काम त्या मानाने देखणं. पाणी आम्ल करून त्यात थोरियम-२३० चा मोजून थेंब टाकायचा, शेवटी आपल्या हाती किती टक्के आलं ते कळावं म्हणून. मग अमोनियाने पीएच आठच्या वर, पोटॅशियम परमँगनेट टाकलं की अख्खा जार गुलाबी, मँगनीज क्लोराईड टाकलं की बघता बघता तो गुलाबी मळतो, तपकिरी होतो आणि रात्रभरात बारीक चॉकलेटी कणी धरते, मँगनीज डायऑक्साईडची. थोरियम तिला चिकटतं, युरेनियम पाण्यातच राहतं. सकाळी ती कणी गाळून घ्यायची आणि वेळ लिहून ठेवायची, कारण तोपर्यंत त्या जारमधलं युरेनियम नवं थोरियम तयार करतच होतं.

वाळवलेले फिल्टर प्लॅस्टिकच्या गोल होल्डरवर बसवून वर मायलार (प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा) आणि ॲल्युमिनियम फॉईल. फॉईलमुळे किरणोत्सारातले अल्फा कण आणि मरतुकडे बीटा कण अडतात. थोरियम-२३४ चा स्वतःचा बीटासुद्धा मरतुकडाच, आपण प्रत्यक्षात मोजतो ते त्याच्या पोराला, प्रोटॅक्टिनियम-२३४ एम ला, जे मिनिटभरात फुटतं आणि २.२७ एमईव्हीपर्यंतचा (एमईव्ही म्हणजे ऊर्जेचं एकक) दणदणीत बीटा सोडतं. काउंटर डेन्मार्कच्या रिसोचा, एका वेळी पाच सॅम्पल, चारी बाजूंनी शिशाच्या विटा, वर एक पहारेकरी डिटेक्टर जो आकाशातून येणारे कण ओळखून बाद करतो. एवढं सगळं करून काउंट येतात ते मिनिटाला एखाद-दुसरा. हजार जमले तर चूक तीन टक्के, कारण हजाराचं वर्गमूळ ३२ च्या जवळ. पंखा, एसी, शिशाची खोली आणि स्क्रीनवर आकडा एकने वाढण्याची वाट, ज्याला कसोटी क्रिकेट आवडत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

पहिल्या महिन्यात माझे गाळाचे फिल्टर मस्त काउंट देत होते. ओव्हनमधून निघालेला तो पेपर नाचणीच्या पापडासारखा दिसायचा, कडेने किंचित वळलेला, आणि खुल्या समुद्राच्या पेपरांत वाचलेल्या आकड्यांपेक्षा माझे आकडे वर. मी खूश. मॅडम एवढंच म्हणाल्या, "अजून चोवीस दिवसांनी परत लाव, मग बोलू." चोवीस दिवसांनी खरं तर निम्मं व्हायला हवं होतं. मँगनीजवाले, म्हणजे विरघळलेल्या थोरियमचे, छान उतरले, लॉग पेपरवर सरळ रेष. गाळवाले मात्र तिथल्या तिथे, थोडेसे हलले न हलले.

कारण गाळ. निळ्या समुद्रात कण म्हणजे मुख्यतः जिवंत आणि मेलेलं शेवाळ, त्यात पोटॅशियम नगण्य. आमच्या खाडीत कण म्हणजे माती. मातीत एक टक्का पोटॅशियम धरलं तरी ग्रॅममागे मिनिटाला १९ च्या आसपास विघटनं, त्यातली बहुतेक बीटाची, आणि फॉईल त्यांना थांबवत नाही. शिवाय मातीच्या खनिजांत मुळातच युरेनियम असतं, त्याने पोसलेलं थोरियम कधीच कमी होणार नाही. आपल्याला हवंय ते पाण्यातून नव्याने येऊन चिकटलेलं, ज्याला जादाचं म्हणतात, ते ग्रॅममागे फार फार तर काही विघटनं. म्हणजे मोठ्या आकड्यातून जवळजवळ तेवढाच मोठा आकडा वजा करून उरलेल्या चिमटीभरावर प्रबंध लिहायचा. पद्धत चांगली आहे, पाच-सहा महिने थांबून शेवटचा काउंट घेऊन वजाबाकी करा असं त्यातच सांगितलंय, महासागरात ती अफलातून चालते, फक्त ठाण्याच्या चिखलासाठी ती केलेली नव्हती.

मग गाळापुरता रस्ता बदलला, बीटा कण सोडून गामा किरण. थोरियम-२३४ चा ६३.३ केईव्हीचा (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही) एक गामा आहे, शुद्ध जर्मेनियमच्या डिटेक्टरवर, ऊर्जेच्या आलेखात, त्याचं शिखर वेगळं उभं राहतं, पोटॅशियमचं शिखर लांब तिकडे १४६०.८ ला, भांडणच नाही. अडचण एवढीच की शंभर विघटनांत हा गामा चारेक वेळाच निघतो, म्हणजे मिलिग्रॅमवर भागत नाही, दहा-वीस ग्रॅम कोरडा गाळ लागतो. आणि इथे सगळं चित्रच फिरलं, ज्या उधाणाला मी शिव्या घालत होते तेच आता सोयीचं, कारण त्या दिवशी दोन-तीन मोठ्या कार्बॉयमध्येच डबी भरेल एवढा गाळ मिळायला लागला. नाखवांना फोन केला की उधाणालाच जायचंय, तर म्हणाले, "आधी सांगलं असतंस तर एवढं भांग फुकट घालवलं नसतं."

फिल्टरऐवजी आता सेंट्रीफ्यूज, म्हणजे पाणी गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र. पण कण म्हणजे काय हा प्रश्न इथेही पिच्छा सोडत नाही, सेंट्रीफ्यूज जड आणि मोठं आधी बसवतं, पिसासारखा हलका सेंद्रिय भाग वरच्या पाण्याबरोबर निघून जातो, आणि नेमकं त्याच्यावर थोरियम वजनाच्या मानाने जास्त असतं. म्हणून वरचं पाणी पुन्हा फिल्टरवर, आणि तो वेगळा मोजायचा. लॅबमधल्या एकाने विचारलं की एवढी उठाठेव कशाला, कोण बघतंय. मी बघतेय ना.

६३ केईव्ही म्हणजे गामांतला अशक्त गडी, गाळाच्या डबीतून बाहेर पडता पडताच तो बराचसा शोषला जातो, आणि किती ते गाळाच्या घनतेवर आणि घडणीवर. त्यासाठी डबीच्या वर एक माहीत असलेला स्रोत ठेवून आरपार किती येतं ते प्रत्येक सॅम्पलला बघावं लागतं. डिटेक्टरला द्रव नायट्रोजन पाजायचा असतो, त्याची गाडी उशिरा आली की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. एक डबी एक-दोन दिवस डिटेक्टरवर, मग पुढची. पहिली फेरी लवकर घ्यावी लागते कारण घड्याळ चालूच आहे. मग डब्या सील करून कपाटात, आणि सहा महिन्यांनी त्याच डब्या त्याच डिटेक्टरवर. सात अर्धायुष्यं उलटली की जादाचं एक टक्काही उरत नाही, जे शिखर दिसतं ते मातीचं स्वतःचं. ते वजा केलं की आपलं.

उन्हाळ्यात भरलेल्या डब्या दिवाळीनंतर परत लावल्या. आकडे दोन तऱ्हांनी मांडले, लिटरमागे आणि ग्रॅममागे, आणि दोन्ही एकमेकांशी भांडायला लागले. लिटरमागे बघितलं तर उधाणाला कणांवरचं थोरियम भरपूर, भांगाला कमी. ग्रॅममागे बघितलं तर बरोबर उलटं. उधाणाला वर येणाऱ्या गाळात तळाशी पडून राहिलेला जुना माल मिसळतो, त्याच्यावरचं जादाचं थोरियम विझत आलेलं, म्हणून ग्रॅममागचा भाव पडतो, पण माल इतका की लिटरचा आकडा फुगतो. नुसतं लिटरमागे छापलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की उधाणाला कण पाण्यातून जास्त थोरियम ओढतायत. आम्ही शेवटी दोन्ही दिले आणि शेजारी दर लिटरला किती मिलिग्रॅम गाळ तेही.

विरघळलेल्याचं गणित त्या मानाने सरळ. थोरियम-२३४ च्या अणूचं सरासरी आयुष्य ३४.८ दिवस. विरघळलेलं थोरियम, विघटनांच्या हिशोबात, युरेनियमच्या तीन टक्केच असेल तर ३४.८ ला ०.०३ ने गुणायचं आणि ०.९७ ने भागायचं, उत्तर एक दिवस आणि वर थोडं. म्हणजे खाडीत जन्मलेला थोरियमचा अणू साधारण दिवसाभरात कुठल्यातरी मातीच्या कणाला चिकटलेला असतो. खुल्या समुद्रात वरच्या थरात याच गोष्टीला आठवडे लागतात. युरेनियम मात्र क्षारतेवरून काढायचं सूत्र डोळे मिटून वापरू नका, ०.०७८६ गुणिले क्षारता वजा ०.३१५, क्षारता ३५ टाकली की लिटरमागे मिनिटाला २.४४ विघटनं येतात, पण ते महासागरासाठी. जुलैत उल्हास नदीचं आणि नाल्यांचं गोडं पाणी घुसलं की ते सूत्र इथे लावण्यात अर्थ नाही, युरेनियम वेगळं मोजूनच घ्या.

आणि जुलैवरून, त्याच गामा स्पेक्ट्रममध्ये ४७७.६ केईव्हीला एक छोटं शिखर येऊ शकतं, बेरिलियम-७ चं. ते वातावरणात कॉस्मिक किरणांमुळे तयार होतं, पावसाबरोबर खाली येतं, अर्धायुष्य ५३ दिवस, तेही कणांना चिकटतं. म्हणजे पावसाने नुकता धुऊन आणलेला गाळ कुठला आणि खाडीच्या तळाचा जुना कुठला हे थोरियम आणि बेरिलियम शेजारी शेजारी ठेवून सांगता येईल, वेगळं मशीन नको, वेगळा खर्च नको. नाखवांना विचारलं पावसाळ्यात न्याल का. म्हणाले नारळी पौर्णिमेआधी होडी बाहेर काढणार नाही, पन जेट्टीवरून दोरी बांधून बादली टाक, कोन नाय बोलतंय. दोरी घेऊन झालीये, बादली झाकणाची लागेल.